सदतीस वेळा तीच ओळ

तबल्याच्या घरच्या रियाजासाठी मोबाइलवर लावलेला लेहरा मन लावून कुणी ऐकत नाही. तो त्यासाठी नसतोच मुळी. तरीही ‘सारंगी, चंद्रकंस, तीनताल, लय साठ’ असा एखादा ट्रॅक तबला बाजूला सारून एकदा ऐकावा.

सोळा मात्रांची एकच ओळ. साठच्या लयीत आवर्तन सोळा सेकंदांचं. दहा मिनिटांत ती सदतीस वेळा पुरी होते. तरी कंटाळा येत नाही, याचं निम्मं श्रेय रागाचं. मालकंसातला निषाद कोमलचा शुद्ध केला की चंद्रकंस. हा शुद्ध निषाद षड्जाच्या इतका लगत, की वर चढल्यावाचून त्याला राहवत नाही. चांगला लेहरा बांधणारा त्याला आवर्तनाच्या शेवटाशी आणून उभा करतो. मग मात्रा न मोजताही सम आलेली कळते. बाकीचं श्रेय हाताचं. गज परततो तिथे स्वर किंचित दबतो. विसाव्या आवर्तनातली मींड पहिल्यासारखी नसते. यंत्रातल्या लेहऱ्यात सदतिसावं आवर्तन पहिल्याची नक्कल असते, आणि कानाला ते लगेच समजतं.

नाना पानसे यांचा पखवाज आणि जहाँगीर खाँसाहेबांचा तबला होळकर दरबारात गाजला, त्याच इंदुरात आज रियाजाला लेहरा धरणारं माणूस सहज मिळत नाही. इथलेच गायक अमीर खाँसाहेब, त्यांचे वडील शाहमीर खाँ स्वतः सारंगिये होते. पण रामबागेतल्या विद्यार्थ्याने रात्री सारंगिया आणायचा कुठून? (पेटीवाला मिळाला तरी शेजारी आहेतच.)

रेकॉर्डिंगची एक खोड मात्र राहतेच. समोर बसलेला माणूस वादकाकडे बघत लेहरा धरतो. तिहाई जराशी सरकली तरी नजरेने सांभाळून घेतो. रेकॉर्डिंग ढिम्म. तुम्ही समेवर आलात काय, मागे राहिलात काय, ते आपल्या वाटेने पुढे गेलेलं असतं. शिकाऊ हाताला हा निष्ठुरपणा मानवतो, असं माझं मत. मैफलीची तयारी मात्र त्यावर होत नाही. तिथे लय दोघांनी मिळून धरायची असते. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन मात्रांमधली जागा कशी भरलेली असते ते ऐका, म्हणजे टिकटिक मोजून लय येत नाही हे पटेल.

तेव्हा हिशेब पक्का करायला यंत्र पुरे. कायदा खुलवायचा असेल तर हाताने वाजवलेला लेहराच लावा, आणि अधूनमधून घरातल्या कुणाला तरी पेटीवर बसवा.