पान सुबक, मजकूर गायब

विज्ञान-प्रयोगांच्या एका मराठी पुस्तिकेची पीडीएफ प्रत नुकतीच पाहण्यात आली. प्रकाशकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. हे दोष इतर पुस्तिकांतही आढळतात. प्रयोगांची निवड चांगली, आकृत्या स्वच्छ. कागदावर छापली तर कोणी नाव ठेवणार नाही. पण संगणकाच्या पडद्यावर डावीकडे बुकमार्कची यादी उघडली, तर प्रकरणांच्या नावांऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी! 'आम्ल' हा शब्द शोधला. एकदाही सापडला नाही. समोरच्याच पानाच्या मथळ्यात तो होता.

'फाइल बिघडली आहे,' असे एक शिक्षकमित्र म्हणाले. ती बिघडलेली नाही. पहिल्यापासून तशीच आहे.

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोड रुळण्यापूर्वी फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीची चित्रे बसवली. परिचयाचा कृतिदेव फाँट घ्या. त्यात 'विज्ञान' म्हणजे एफ, ओ, मोठा के, लहान के आणि यू ही पाच रोमन अक्षरे. पानासोबत फाँट असतो, म्हणून आपल्याला 'विज्ञान' दिसते. बुकमार्क मात्र पीडीएफमध्ये पानापासून वेगळा, नुसता मजकूर म्हणून साठवला जातो. त्याच्याबरोबर फाँट जात नाही, आणि सोंग उघडे पडते. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावलीही क्रमांकच वाचते. म्हणजे त्याच्या वाट्याला संपूर्ण पुस्तिकाच खिचडी! मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो.

१९९० च्या दशकात याला फारसा इलाज नव्हता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण पेजमेकरच्या २००१ सालच्या शेवटच्या आवृत्तीलाही युनिकोड देवनागरी जमत नव्हती. आज ही सबब चालणार नाही.

दुसरा दोष मांडणीचा. सोबत दिलेल्या वर्ड फाइलमध्ये मी एका प्रयोगात 'आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे' ही सूचना घातली. (ती मुळात नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.) एक ओळ वाढली आणि पुढच्या सगळ्या आकृत्या घसरल्या. नवे पान आणण्यासाठी एंटरची कळ दाबत नेली होती, आणि मथळे नुसते ठळक केले होते. 'पेज ब्रेक' घातला असता तर नवे प्रकरण नव्या पानावरच राहिले असते. मथळ्यांना 'हेडिंग' शैली दिली असती, तर पीडीएफ करताना त्यांतूनच बुकमार्क तयार करता आले असते.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा, मग शैली द्याव्यात, पाने तपासावीत आणि शेवटी पीडीएफ करावी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होतो. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. पहिले प्रकरण मी असे बदलून पाहिले. बुकमार्क लगेच मराठीत आले, 'आम्ल'ही सापडले. 'सूर्य' मात्र तीन ठिकाणी हाताने सुधारावा लागला.