रिकामपणाचे सौंदर्यशास्त्र

जॉन स्टाइनबेकच्या ‘कॅनरी रो’ (1945) या कादंबरीची मोहिनी मॅक व त्याच्या सोबत्यांच्या रिकामपणात शोधली जाते. तो रिकामपणा संहिता कसा घडवते, हे मात्र तपासावे लागेल. आरंभीच भोंगे वाजतात, मजूर डबाबंदीच्या कारखान्यांकडे धावतात, सार्डिनचे डबे भरतात आणि थकून टेकडीवर परततात. त्यानंतरच वस्ती ‘स्वतःची’ होते. श्रम निवेदनाबाहेर घालवल्यावरच उडाणटप्पूंना संतपण लाभते. मॅकला कारखान्यात काम मिळू शकते. अडीनडीला तो ते करतोही. त्याचे रिकामपण ही निवड आहे.

पालघरच्या किनाऱ्यावरून वाचताना ही निवडच प्रश्नांकित होते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. जाळे रिकामे आले की कोळी रिकामा होतो. त्या रिकामपणाला नकाराचे ऐश्वर्य नसते. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ त्याच 1969 मधली (माहीम मुंबईचे, केळव्याशेजारचे नव्हे). तिथल्या झोपडपट्टीत पोटाची धडपड केंद्रस्थानी आहे. तेव्हा स्टाइनबेकची प्रसन्नता तीत शोधणे गैरलागू ठरते.

स्टाइनबेकला क्रौर्य दिसत नाही, असे नाही. डॉक ओहोटीच्या डबक्यांतून जीव गोळा करतो, तिथे भक्ष्य-भक्षकांचा व्यवहार निर्ममपणे येतो. पण ती निर्ममता जीवशास्त्राचीच राहते. डबे भरणाऱ्या हातांपर्यंत ती पोहोचत नाही.