आहाराच्या तक्त्यातील तीन चौकटी

बहुतेक शाळांच्या भिंतीवर आहाराचा एक तक्ता असतो. त्यात तीन चौकटी असतात. पहिलीत भात, भाकरी, साखर, तेल, तूप : हे ऊर्जा देणारे पदार्थ. दुसरीत डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे : हे शरीराची बांधणी करणारे. तिसरीत पालेभाज्या आणि फळे : हे संरक्षक. परीक्षेत जोड्या लावायला येतात, मुले त्या बरोबर लावतात आणि पूर्ण गुण मिळवतात. तक्ता सोपा आहे, लक्षात राहतो, आणि जेवणात विविधता असावी हा त्याचा उपदेश योग्यच आहे. तरीही या तक्त्याने एक चुकीची समजूत पक्की होते, असे आम्हांला वाटते. ही समजूत केवळ मुलांची नाही. एके काळी जगातले मोठे तज्ज्ञही तिच्या आहारी गेले होते.

भाकरी कोणत्या चौकटीत?

प्रथम आकडे पाहू. १ ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, १ ग्रॅम प्रथिनांपासूनही ४, आणि १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९. आता १०० ग्रॅम ज्वारी घ्या. तिच्यात सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ज्वारीच्या ऊर्जेपैकी सुमारे १२ टक्के वाटा प्रथिनांचा. तांदळात हा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास.

दुसऱ्या चौकटीतली तूरडाळ पाहा. १०० ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिने आणि ३३५ किलोकॅलरी. प्रथिनांचा वाटा साधारण २७ टक्के. उरलेली बहुतेक ऊर्जा पिष्टमय पदार्थांची. शेंगदाण्याची तर गंमतच आहे. तक्त्यात तो बांधणीच्या चौकटीत बसतो, पण त्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तेलातून येते.

थोडक्यात, चौकटीत बसवले आहेत ते पदार्थ; कामे करतात ती त्यांच्यातली द्रव्ये. आणि प्रत्येक धान्यात, प्रत्येक डाळीत ही द्रव्ये एकत्रच असतात. आपल्याकडच्या सामान्य कुटुंबात प्रथिनांचा सर्वांत मोठा वाटा भात, भाकरी आणि पोळीतूनच येतो, ही गोष्ट तक्ता पाहून कोणालाही कळणार नाही.

सरपण संपले की

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रथिने बांधणी करतात हे खरे, पण कधी? शरीराची ऊर्जेची गरज भागली असेल तेव्हा. हृदय, मेंदू, श्वसन यांना थांबता येत नाही. अन्न कमी पडले की शरीर प्रथिनांमधील अमिनो आम्ले जाळून ऊर्जा मिळवते, आणि त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जातो. सरपण संपलेल्या घरात चुलीत दारे-खिडक्या घालावीत, तसाच हा प्रकार. अशा घरात आणखी दोन खिडक्या आणून दिल्या तर त्याही चुलीतच जाणार. आधी सरपण हवे.

तक्त्यात हे नाते कोठेच नाही. तेथे ऊर्जेचे खाते वेगळे आणि बांधणीचे वेगळे. त्यामुळे मूल वाढत नसेल तर ‘बांधणीचा पदार्थ कमी पडला’ असे उत्तर आपोआप सुचते.

जगाची तीच चूक

हेच उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर जगाने दिले. १९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने आजच्या घानामधील मुलांत आढळणाऱ्या सुजवटीचे वर्णन केले. सूज, त्वचेवरचे चट्टे आणि मक्यावर पोसलेले मूल, यांवरून प्रथिनांचा अभाव हे कारण पुढे आले. पुढील तीस-पस्तीस वर्षांत या कल्पनेचा विस्तार होत होत ‘जगापुढील प्रथिनांचे संकट’ उभे राहिले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने हे संकट टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय उपायांची हाक दिली. मासळीचे पीठ, तेलबियांचे पीठ, एकपेशीय प्रथिने अशा योजनांवर पैसा आणि बुद्धी खर्च झाली.

त्याच सुमारास शंकाही येऊ लागल्या. सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, ज्यांना सुजवटी झाली आणि ज्यांना सुकटी झाली, त्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा फरक आढळत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्या वेळी जागतिक अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्र विभागप्रमुख होते. त्यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासले. ज्यांना प्रथिने कमी पडत होती त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडत होते. पोटभर जेवणाऱ्यांत प्रथिनांची तूट क्वचितच आढळत होती. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला ‘प्रथिनांचा महाघोटाळा’ अशा अर्थाचे नावच दिले. प्रश्न प्रथिनांचा कमी आणि भुकेचा अधिक होता. भुकेचे उत्तर कारखान्यात तयार होणाऱ्या पिठात नव्हते. ते रोजगार, मजुरी आणि धान्याच्या भावात होते.

मात्र येथे दुसऱ्या टोकाला जाऊ नये. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते, अशी भूमिका सुखात्म्यांनी पुढे मांडली. तिला गोपालन यांनीच कडाडून विरोध केला, आणि आम्हांला गोपालन यांचे म्हणणे पटते. खुरटून जगणे म्हणजे जुळवून घेणे नव्हे. प्रथिनांच्या प्रतीचा प्रश्नही संपलेला नाही. धान्यात लायसिन कमी असते, डाळीत मिथिओनिन. म्हणून भाकरी आणि आमटी एकमेकींची उणीव भरून काढतात. केवळ धान्यावर राहणाऱ्या मुलाचे पोट भरले तरी भागत नाही. मलावीतील खेड्यांमधील खुरटलेल्या मुलांच्या रक्तात आवश्यक अमिनो आम्ले कमी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे.

डबा की चमचाभर तेल?

आज ‘प्रथिनांची कमतरता’ पुन्हा जाहिरातींतून ऐकू येते. मूल अशक्त दिसले की पालक पोटाला चिमटा काढून भुकटीचा महागडा डबा आणतात. त्याच मुलाला पातळ पेज दिली जात असेल तर एका वाटीत जेमतेम २५ ग्रॅम तांदूळ, म्हणजे सुमारे ८५ किलोकॅलरी असतात. लहान पोटात याहून अधिक मावत नाही. त्या वाटीत चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तेल घातले तर ४५ किलोकॅलरींची भर पडते. पेज डाळ घालून घट्ट केली तर प्रथिनेही वाढतात. आकारमान न वाढवता ऊर्जा वाढवणे हे स्निग्ध पदार्थांचे मोठे काम आहे. शिवाय आवश्यक मेदाम्ले त्यांच्यातूनच मिळतात, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे त्यांच्यामुळे शोषली जातात. तक्त्याने त्यांना साखरेच्या शेजारी बसवून विषय संपवला आहे.

वर्गात करून पाहा

तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याखाली एक गणित लिहा. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा प्राथमिक वर्गांसाठीचा केंद्र सरकारचा निकष ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असा आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरवून दिले आहे. मुलांना हिशेब करू द्या : तांदूळ ३४५ किलोकॅलरी, डाळ ६७, तेल ४५, प्रथिने तांदळातून सुमारे ७ ग्रॅम आणि डाळीतून साडेचार. बेरीज निकषाच्या जवळ येते, आणि प्रथिनांचा मोठा वाटा ‘ऊर्जेच्या’ चौकटीतल्या भाताचा आहे हे मुलांना स्वतःच सापडते.

मग एक प्रश्न विचारा. या ताटातला अर्धा भात कमी केला तर बांधणीचे काय होईल? ज्या वर्गातील मुले या प्रश्नावर वाद घालतील, त्या वर्गाला आहारशास्त्र समजू लागले असे म्हणता येईल. आणि वाद घालता घालता, आपल्या वर्गात सकाळी काहीही न खाता कोण आले आहे, याकडेही शिक्षकांचे लक्ष जाईल.