१८१२ चें अमेरिकन युद्ध : कारण कोणतें, फल कोणतें ?

प्रो. ज्युलियस प्रॅट यांचा ‘एक्स्पान्शनिस्ट्स ऑफ १८१२’ हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व इंग्लंड यांच्यामध्यें १८१२ सालीं जें युद्ध जुंपलें, त्याचें मूळ समुद्रावर नसून पश्चिम व दक्षिण सरहद्दींवर शोधलें पाहिजे, असें त्यांत प्रतिपादन आहे. वायव्येकडील लोकांस कॅनडा हवा होता, दक्षिणेकडील लोकांस फ्लॉरिडा. पश्चिमेची ही आकांक्षा नसती तर युद्धच झालें नसतें, असा ग्रंथकारांचा निष्कर्ष. ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे. तथापि हा निष्कर्ष साधनांच्या कसोटीस पुरता उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम मतदान पाहूं. ता. ४ जून १८१२ रोजीं प्रतिनिधिगृहानें युद्धाचा ठराव ७९ विरुद्ध ४९ मतांनीं संमत केला. त्यांत केंटकी, टेनेसी व ओहायो ह्या पश्चिमेकडील तीन संस्थानांचीं मतें अवघीं ९, तर एकट्या पेन्सिल्व्हेनियाचीं १६. तीं ९ मतें वजा केलीं तरी ठराव संमतच होतो. केंटकीचे हेन्री क्ले सभापति होते व युद्धपक्षाचे धुरीण होते, हें खरें; परंतु धुरीणाचा हेतु तोच सर्व अनुयायांचा हेतु, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

दुसरा आधार भाषणांचा. त्यांत कॅनडा जिंकण्याची भाषा विपुल आहे. पण इंग्लंडच्या आरमारापुढें अमेरिकेचें आरमार अगदींच तोकडें होतें; इंग्लंडवर घाव घालण्यास कॅनडाखेरीज दुसरी सोयीची जागा कोठें होती ? जें साध्य म्हणून ग्रंथकार दाखवितात, तें साधनही असूं शकेल. उलट, ता. १ जूनच्या संदेशांत अध्यक्ष मॅडिसन यांनीं खलाशांच्या सक्तीच्या धरपकडीस अग्रस्थान दिलें आहे. मात्र तोही एका पक्षाचा अर्ज आहे, निःपक्षपाती साक्ष नव्हे, हें विसरतां कामा नये.

आमच्या मतें ग्रंथकारांनीं फलावरून कारणाचें अनुमान केलें आहे. ता. २४ डिसेंबर १८१४ च्या घेंट येथील तहानें कॅनडा मिळाला नाहीं. खलाशांच्या धरपकडीचा तर त्यांत उल्लेखही नाहीं. जमीन मिळाली ती निराळ्याच तहानें. ता. ९ ऑगस्ट १८१४ रोजीं फोर्ट जॅक्सन येथें क्रीक लोकांकडून दोन कोटींहून अधिक एकर मुलूख घेण्यांत आला, आणि तोही जॅक्सनच्या बाजूनें लढलेल्या क्रीकांस न वगळतां ! मूळच्या रहिवाशांस १८११ सालचे हक्क परत देण्याचें वचन घेंटच्या नवव्या कलमांत होतें. तें कागदावरच राहिलें.

सरहद्दीकडे अभ्यासकांची दृष्टि वळविली, हें ग्रंथकारांचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु सभागृहांतील भाषणें व मतें हींच काय तीं साधनें मानलीं, तर ज्यांस तेथें मतच नव्हतें व ज्यांनीं सर्वांत अधिक गमावलें, ते इतिहासाच्या निवाड्याबाहेर राहतात. ह्या युद्धाचा पुढील विचार त्यांची बाजू ऐकूनच झाला पाहिजे.