न संपलेला मोजा

'नात्यांची वीण', 'कुटुंबाची वीण', 'कथानकाची वीण' हे शब्दप्रयोग आपल्या लेखनात आता इतके रुळले आहेत, की त्यांच्यामागच्या लोकर आणि सुया कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. वीण घट्ट असते, सैल होते, नाहीतर उसवते. हे रूपक यापलीकडे सहसा जात नाही. प्रत्यक्ष विणणाऱ्या बाईस विचारले तर ती सांगेल, की घट्ट-सैल हा प्रश्न हाताच्या सवयीचा आहे आणि तो चार दिवसांत सुटतो. न सुटणारा प्रश्न वेळेचा. एका हिवाळ्यात टाके घालावेत, तर घरात आजारपण निघते, पाहुणे येतात, बदलीचा हुकूम येतो; काम पुन्हा हाती घ्यावे तोवर ज्याच्यासाठी घातले तो दोन बोटे वाढलेला असतो. बदलत्या घराशी हातातल्या कामाचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाकडे साहित्याने किती गांभीर्याने पाहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत कापड विणतात, खाट विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच असले तरी व्यवहार वेगळा आहे. माग एका जागी रोवलेला असतो. विणणाऱ्याने त्याच्यापाशी जाऊन बसावे लागते. होमरच्या 'ओडिसी'तील पेनेलोपी सासऱ्यासाठी प्रेतवस्त्र विणते, दिवसा विणलेले रात्री उसवते आणि मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षे थोपवून धरते. ते काम मागावरचे, आणि ते लांबविणे हा तिचा डाव. सुयांचे काम पिशवीत मावते. ते गच्चीवरच्या उन्हात, दवाखान्याच्या बाकावर, चुलीवर दूध असताना, कोठेही चालते आणि हाक आली की ओळ संपवून खाली ठेवता येते. जात्यावर बसलेल्या बाईचे हात गुंतलेले असत, तोंड मोकळे असे. त्यातून ओवी आली. सुयांवर टाके मोजावे लागतात, आणि मोजता मोजता गाणे होत नाही. म्हणूनच या कामाची खरी जागा आम्हांस पद्यात नव्हे, कादंबरीत दिसते. एवढे व्यत्यय सोसण्याइतकी ऐसपैस दुसरी रचना नाही.

कादंबरीतही विणकाम पुष्कळदा केवळ खुणेपुरते येते. डिकन्सच्या १८५९ सालच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये मादाम दफार्ज सूड घ्यावयाच्या माणसांची नावे आपल्या विणीत गुंफते. वाचकाच्या अंगावर काटा येतो, पण ती काय विणते, कोणाच्या मापाचे विणते, हे कोणी विचारीत नाही. ते विणकाम नव्हे, नोंदवही आहे. वस्तू म्हणून, माप असलेले आणि अपुरे राहू शकणारे विणकाम आम्हांस आढळले ते व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'टू द लाइटहाऊस' या कादंबरीत. ती १९२७ साली वुल्फ पतिपत्नींच्या स्वतःच्या होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केली. स्थळ स्कॉटलंडजवळचे स्काय बेट. पण त्यामागे लेखिकेच्या बालपणीच्या उन्हाळ्यांतील कॉर्नवॉलचे घर आहे आणि १८९५ साली, ती तेरा वर्षांची असताना, गेलेली आई आहे.

कथानक असे फारसे नाही. रॅम्से कुटुंबात आठ मुले. धाकटा जेम्स सहा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी होडीने दीपगृहावर जाण्याचा बेत आहे. दीपगृहाच्या रखवालदाराच्या लहान मुलाला कमरेच्या सांध्याच्या क्षयाचे भय आहे. त्याच्यासाठी श्रीमती रॅम्से लालसर तपकिरी मोजा विणीत आहेत. मोज्याबरोबर जुनी मासिके आणि थोडी तंबाखू पाठवावयाची, हेही त्यांनी ठरविले आहे. त्यांचे तत्त्वज्ञ पती सांगतात, की उद्या हवा बिघडणार, जाणे होणार नाही. पुस्तकाचा निम्म्याहून मोठा पहिला भाग एका दुपारी सुरू होतो आणि त्याच रात्री संपतो. तेवढ्यात हा मोजा चार वेळा लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

पहिल्या वेळी माप घेणे. सुया तोंडाशी अडकलेल्या असतानाच आई तो मोजा जेम्सच्या पायाला लावून पाहते. परक्या मुलासाठी आपण मापाचा ठोकळा व्हावे, हे जेम्सला रुचत नाही. तो मुद्दाम चुळबुळ करतो. मोजा फारच आखूड ठरतो. दुसऱ्या वेळी पती सांत्वन मागावयास येतो आणि तिने ते देत असताना सुया थांबत नाहीत. तिसऱ्या वेळी मुले झोपावयास गेल्यावर ती एकटी बसून विणते, आणि दीपगृहाचा प्रकाश येत-जात असताना दिवसभरात प्रथमच ती कोणाची आई किंवा पत्नी राहत नाही. चौथ्या वेळी, रात्री, पती वाचीत असतो. तो म्हणतो की आज हे संपणार नाही. ती मोजा गुडघ्यावर पसरून पाहते आणि ते मान्य करते. त्याच्या स्वरातला तो करडेपणाच तिला त्या क्षणी हवा असतो, असे लेखिकेने म्हटले आहे. मापाला मूल, सांत्वनाला पती, एकांताला आपण स्वतः आणि रात्री पुन्हा पती: संसारातल्या साऱ्या मागण्या या एका मोज्यावरून जातात, आणि मोजा काही ओळी वाढतो.

यांतील पहिल्या प्रसंगावर एरिख आउअरबाख यांनी प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. नाझी राजवटीत १९३५ साली प्राध्यापकपद गमावून ते इस्तंबूलला गेले. तेथे १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी 'मिमेसिस' हा ग्रंथ लिहिला आणि तो १९४६ साली बर्न येथे निघाला. त्याच्या शेवटच्या प्रकरणाचे नावच 'तपकिरी मोजा' असे आहे. बाहेरच्या घटनेचे महत्त्व या कादंबरीत कसे ओसरते, माप घेण्यासारखी क्षुल्लक गोष्ट मनातील केवढ्या हालचालीला निमित्त होते, हे त्यांनी दाखविले ते कोणासही मान्य व्हावे. सामान्य क्षणांतच साऱ्या माणसांना समान असे काही हाती लागते, हा त्यांचा निष्कर्षही, त्यांची स्वतःची परिस्थिती पाहता, थोर वाटतो. तरीही आमची एक तक्रार आहे. मोजा त्यांच्या लेखी निमित्तच राहतो. तो आखूड आहे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. एका आजारी मुलाच्या पायाचा तो प्रश्न आहे.

ही तक्रार आम्हांस आपल्या बुद्धीने सुचली, असा दावा मात्र करवत नाही. गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला गच्चीवर उन्हात बसून आम्ही ही कथा मराठीत सांगत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी सारे ऐकून घेतले, श्रीमती रॅम्सेंच्या मनाच्या खोलीविषयी आम्ही जे बोललो तेही ऐकले, आणि एवढेच विचारले, "अहो, पण त्या पोराला मोजा मिळाला का?" आम्ही पुस्तक पुन्हा चाळले. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही.

हा प्रश्न त्यांनाच सुचावा याला कारण आहे, आणि तेथे आमचा दोष येतो म्हणून सांगणे भाग आहे. आमची नोकरी राज्य शासनाची. दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. शिवपुरीस असताना त्यांनी थोरल्या मुलासाठी स्वेटर घातला. लोकर ग्वाल्हेरच्या मेळ्यातली. पाठ झाली, एक बाही झाली, आणि गुण्याची बदली आली. सामान लागेपर्यंत हिवाळा सरला आणि पुढच्या वर्षी पाठ आखूड पडली. ती उसवली. लोकरीच्या लडी धुऊन, वजन टांगून वाळविल्या आणि धाकटीसाठी नवे टाके घातले. मग आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या. त्या दोन वर्षांत सुया रात्री उशाशी बसल्यावरच हाती येत, आणि पुष्कळदा ओळ अर्धी राहून त्यांना उठावे लागे. कचेरीत महिनाअखेर प्रलंबित प्रकरणांचा तक्ता भरणाऱ्या आम्हांस हे खुपत असे. "अजून हेच चाललंय का?" असे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा म्हटले. एकदा उत्तर मिळाले, "पोरं वाढायची थांबली तर माझं संपेल ना!"

त्या वेळी आम्ही हसलो. आज वाटते, त्या वाक्यात समीक्षेचा एक नियम आहे. कचेरीतल्या नस्तीचा हेतू ती बंद होणे हा असतो. घरातल्या विणकामाचा हेतू कोणाच्या तरी अंगाला येणे हा असतो, आणि ते अंग स्थिर नसते. म्हणून त्याची परीक्षा संपले की नाही यावरून करणे चूक. किती वेळा नव्याने माप घेतले, हे पाहावे. कौटुंबिक कादंबरीचीही हीच कसोटी असावी. पात्रांचे एकदा घेतलेले माप शेवटपर्यंत वापरणाऱ्या कादंबऱ्या नेटक्या दिसतात, पण त्यांतली माणसे वाढत नाहीत. वुल्फ यांच्या कादंबरीत दहा वर्षे लोटल्यावर आलेला जेम्स तोच राहत नाही. आईच्या त्या मापानंतर त्याचे माप कोणी घेतलेले नाही, हे त्याच्या रागावरून कळते.

त्या दहा वर्षांचा दुसरा भाग कसा आहे पाहा. रिकामे घर, ओल, धूळ, पडझड. आणि या वर्णनात कंसात टाकलेल्या चार शब्दांत घरची बातमी. श्रीमती रॅम्से वारल्या. थोरली मुलगी बाळंतपणाशी संबंधित आजाराने गेली. अँड्र्यू फ्रान्समध्ये युद्धात तोफगोळ्याने मारला गेला. मोज्याचे नाव नाही. तिसऱ्या भागात वडील जेम्स व कॅम यांना घेऊन दीपगृहाकडे निघतात, तेव्हा दीपगृहावर काय पाठवायचे, असा प्रश्न नॅन्सीला पडतो आणि उत्तर कोणापाशी नसते. या कादंबरीतला आईच्या मरणाचा सर्वांत बोचरा उल्लेख आम्हांस हाच वाटतो. आईला ते नेमके ठाऊक होते: मोजा, मासिके, तंबाखू. माणूस जाते तेव्हा घरातले असे बारीक ज्ञान बरोबर जाते, आणि ते होते हे इतरांना तेव्हा कळते.

दोष सांगितल्याविना समीक्षा पुरी होत नाही. श्रीमती रॅम्से विणू शकतात, कारण मिल्ड्रेड स्वयंपाकघर सांभाळते. तीन दिवस खपून रांधलेल्या मांसाची वाहवा जेवणाच्या टेबलावर मात्र यजमानीणबाईंच्या वाट्यास येते. ओसाड घर पुन्हा उभे करणाऱ्या मॅकनॅबबाईंना लेखिकेने स्थान दिले खरे, पण त्यांच्या मनाकडे वरूनच पाहिले. रखवालदाराच्या बायकोचा, म्हणजे आजारी मुलाच्या आईचा, आवाज तर ऐकूच येत नाही. याहून मोठा आक्षेप शेवटाला. लिली ब्रिस्को ही चित्रकर्ती शेवटच्या पानावर आपले चित्र पुरे करते. चित्र पुरे होते, मोजा राहतो. म्हणजे कला तडीस जाते आणि घरकाम वाऱ्यावर, असा अर्थ कोणी काढल्यास त्यास दोष देता येणार नाही.

पण तो अर्थ पुरता खरा नाही. चित्र अडलेले असते आणि ते पुरे होण्याआधी लिलीला त्या खिडकीत श्रीमती रॅम्से पुन्हा दिसतात. त्या काही बोलत नाहीत, सुया चालवीत तोच तपकिरी मोजा विणीत बसलेल्या असतात. चित्राला हवी असलेली सावली पायरीवर पडते ती त्या विणणाऱ्या आकृतीची. लेखिकेला आपले ऋण ठाऊक होते असे म्हणावे लागते. तिची बहीण व्हॅनेसा बेल हिने १९१२ च्या सुमारास काढलेल्या तिच्या चित्रात ती खुर्चीत हातकाम घेऊन बसली आहे आणि चेहरा पुसट आहे. ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. हात रेखले आणि चेहरा सोडला, याचे आम्हांस आता नवल वाटत नाही.

आपल्या जुन्या घरांतून ट्रंकांत डांबराच्या गोळ्यांसह अशी अर्धवट कामे असतील. आमच्याकडे आहे. तीच लोकर, आता नातवासाठी घातलेली. दोन हिवाळ्यांपूर्वी बोटांचे सांधे धरले आणि दुसरी बाही कोपरापाशी थांबली. भाचीकडून पुरे करून घ्यावे, असे आम्ही सुचविले. उत्तर आले नाही. परवा मात्र नातू सुट्टीला आला, तेव्हा सौभाग्यवतींनी ट्रंक उघडविली, सुयांसकट ती पाठ त्याच्या पाठीला लावून पाहिली आणि वीतभर कमी आहे असे सांगितले. लडी करावयास आता आम्ही समोर हात धरून बसतो. वजन टांगण्याचे कामही आमच्याकडेच आले आहे.