नर्मदेची वाट आणि काठावरचा माणूस

एकट्याने दुर्गम प्रदेशातून केलेल्या भ्रमंतीचे वर्णन हा प्रवासवाङ्मयाचा अत्यंत आकर्षक आणि म्हणूनच अत्यंत कसोटीचा प्रकार होय. सोबत कोणी नसल्यामुळे प्रवाशाचे डोळे अधिक उघडे राहतात, असे आपण गृहीत धरतो. परंतु एकांतात मनुष्य स्वतःकडेच अधिक पाहू लागतो, हेही तितकेच खरे. मराठीत या कसोटीला लावण्याजोगा मोठा ग्रंथ म्हणजे गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७).

तापीकाठच्या आमच्या कामरेजहून उत्तरेस जाणारा महामार्ग भरूचपाशी नर्मदा क्षणार्धात ओलांडतो. परिक्रमेचा नियम नेमका याच्या उलट आहे. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि मध्ये कोठेही ओलांडावयाची नाही. सागरसंगमापाशी मात्र विमलेश्वराच्या बाजूने नावेत बसून पलीकडचा तीर गाठावयाचा. सुमारे १३०० किलोमीटर लांबीच्या नदीचे दोन्ही काठ असे चालायचे, तेही भिक्षेवर आणि सदावर्तावर. म्हणजे हा प्रवासी एकटा असला तरी दुसऱ्याच्या चुलीवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही.

दांडेकरांना हे मर्म उमगले होते. स्वतः चाललेल्या वाटेवर त्यांनी प्रवासवर्णन न लिहिता कादंबरी रचली आणि तिच्या नायकाला नावच दिले नाही. नाव गेले की कुळाचा व प्रतिष्ठेचा आधारही जातो. उरतो तो दारी उभा राहिलेला भुकेला माणूस. यशोदेची व्यथा आपल्या मनात रेंगाळते, याचे कारणही हेच की, तेथे भटक्याच्या वैराग्याहून काठावर राहणाऱ्याचे दुःख मोठे ठरते.

परंतु परिक्रमेच्या एकूण वाङ्मयाविषयी असे म्हणता येईल काय? शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयाला लुटतात, हा त्यातील ठरलेला प्रसंग. या लुटीला वैराग्याचा धडा मानण्याची परंपरा आहे. ही दृष्टी उदार खरी, पण तिचे औदार्य प्रवाशाच्याच पदरी पडते. भिल्ल हा त्याच्या साधनेतील एक उपकरण होऊन बसतो. कांबळे हिरावणाऱ्याच्या घरी त्या रात्री पांघरूण होते काय, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आज या प्रश्नाला वेगळी धार आली आहे. १९६१ साली पायाभरणी झालेल्या आणि २०१७ साली लोकार्पण झालेल्या सरदार सरोवराने शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पोटात घेतले. एकट्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसह ३३ गावांना त्याची झळ पोहोचली. जुनी वाट पाण्याखाली गेल्यावर तिची वर्णने हाच तिचा दस्तऐवज. त्या दस्तऐवजात घाट आणि आश्रम नावानिशी यावेत, आणि भाकरी देणारा मात्र निनावी राहावा, ही उणीव केवळ वाङ्मयीन म्हणता येणार नाही.

एका रात्रीच्या पाहुण्याकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येईल. गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये वर्षानुवर्षे राहिल्या, म्हणूनच 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक होऊ शकले, हे आम्हांस मान्य आहे. पण आमची मागणी माहितीची नसून दृष्टीची आहे. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहातील 'स्टेज' ही कविता, आपले दुःख इतरांनीच व्यासपीठावरून सांगावे, या प्रकाराला भिल्ल समाजातून आलेले उत्तर आहे. ती वाचल्यानंतर कोणत्याही प्रवासलेखकाला आपल्या यजमानाविषयी पूर्वीच्या निश्चिंतपणे लिहिता येऊ नये.

याची एक आशादायक खूणही दिसते. 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' लिहिणाऱ्या भारती ठाकूर यांनी परिक्रमेनंतर निमाडातील लेपा येथे मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. नावात अंतर्यात्रा असली तरी ही यात्रा काठावरच्या मुलांपाशी येऊन थांबली.

अध्यापकांना आमची एवढीच सूचना आहे. प्रवासवर्णनाचा पाठ शिकविताना निसर्गवर्णनातील अलंकार अवश्य दाखवावेत; परंतु त्यानंतर विद्यार्थ्यांना त्या रात्रीची हकीकत यजमानाच्या बाजूने लिहावयास सांगावी. ज्या ग्रंथात अशा लेखनाला पुरेशी सामग्री सापडेल, तो ग्रंथ प्रवासाच्या कसोटीला उतरला असे खुशाल समजावे. 'भ्रमणगाथा' या कसोटीला बव्हंशी उतरते, आणि म्हणूनच ती अजून वाचली पाहिजे.