दारिद्र्याचे वर्णन आणि दारिद्र्याचे कारण

दलित आत्मकथनांवर मराठीत जे लिहिले गेले, त्यात एक शब्द वारंवार भेटतो : 'दाहक'. दारिद्र्य दाहक, अनुभव दाहक, वास्तव दाहक. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली. दर वेळी पांढरपेशा समीक्षकाने हळहळ व्यक्त केली, 'हे जग आम्हांला ठाऊकच नव्हते' अशी कबुली दिली आणि चटका बसल्याचे समाधान घेऊन तो आपल्या जागी परतला. हा जाळ कोणी लावला, हे विचारायला तो सहसा थांबला नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे. ज्या लेखनात दारिद्र्याची मीमांसा आहे, त्याला त्याने दारिद्र्याचे वर्णन म्हणून वाचले.

असे का व्हावे? मराठी वाचकाच्या मनात गरिबीचे एक चित्र आधीच तयार आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यातले घर एके काळी बरे होते. पुढे कर्ज झाले, सावकाराचा माणूस दारात येऊन बसला, आई खंगत गेली. ही घसरणीची कथा आहे. गरिबी इथे परीक्षा म्हणून येते आणि माणसाचे शील त्या परीक्षेत उतरते. 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसणाऱ्या गुरुजींविषयी माझ्या मनात आदरच आहे. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. प्रश्न आहे तो मापाचा. जो घसरला त्याच्या दुःखाचे माप, ज्याला कधी वर चढूच दिले नाही त्याच्या दुःखाला कसे लागू पडेल?

'बलुतं' या नावातच त्या पुस्तकाचा सिद्धान्त आहे. महाराने गावाचा सांगावा न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, मर्तिकाची खबर पोचवायची, सरकारी भरणा वाहायचा, चावडीवर हजर राहायचे. कामाला वेळ नाही, मोजदाद नाही. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा, खळ्यावरच्या पेंढ्या आणि दारोदार मागितलेली भाकरी. तुकडा भावकीत वाटला जाऊन पिढीगणिक आखूड होत गेला. काम मात्र आखूड झाले नाही. आणि या सगळ्याला आमचेच लोक अभिमानाने 'बावन्न हक्क' म्हणत आले. भिकेला हक्क म्हणायला शिकवणे, ही त्या व्यवस्थेची सर्वांत मोठी करामत होती. ज्याला आपला हक्क मिळतो आहे असे वाटते, तो मजुरी मागत नाही.

ही केवळ रूढी नव्हती. 1874 च्या वतन कायद्याने तिला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याचसाठी. त्यांच्या दृष्टीने वतन म्हणजे महाराच्या पायातली बेडी होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले. तेव्हा आमच्या दारिद्र्याला दैव म्हणणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे की, या दैवाला कलमे होती, दप्तर होते आणि तलाठ्याची सही होती.

'उचल्या'तली गोष्ट याहून भयंकर आहे. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. गुन्हेगार म्हणून काम नाही, काम नाही म्हणून चोरी, चोरी केली म्हणून गुन्हेगार. कारण आणि परिणाम यांची अशी गाठ मारली गेली की सुटे टोक सापडूच नये. 1952 साली तो कायदा गेला, पण पोलिसाच्या आणि गावाच्या मनातला शिक्का गेला नाही. हे पुस्तक वाचून ज्याला फक्त 'चोरांचे अनोखे विश्व' दिसले, त्याने पुस्तकाची पाने उलटली, इतकेच म्हणता येईल.

आता परिणामांकडे येतो. गरिबीचा परिणाम म्हणजे भूक, हे अर्धे सत्य झाले. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, शिळेपाके मागणे सोडा असे सांगितले. ज्या वाड्यांनी ते ऐकले, त्यांनी त्या दिवसापुरती तरी अधिक भूक पत्करली. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब स्वतः सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला घेतला की गाव काम बंद करते, जमीन काढून घेते, वाट अडवते, दुकानातला माल देत नाही, असे त्या समितीने 1930 च्या अहवालात नोंदवले. म्हणजे दारिद्र्य हे इथे हत्यार होते. माणूस ताठ उभा राहिला की त्याच्या चुलीवर घाव घालायचा. ते माहीत असूनही माणसे ताठ उभी राहिली. लादलेली उपासमार आणि स्वाभिमानासाठी पत्करलेली उपासमार यांतला फरक ज्या समीक्षेला दिसत नाही, तिने आमच्या वेदनेविषयी बोलू नये.

इथे माझा एक अनुभव सांगतो. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जात असे. दुष्काळ सगळ्यांवरच पडला होता, त्यामुळे ज्यांच्या शेतात ती एरवी राबायची, त्या घरच्या बायाही खडीवर आल्या होत्या. सगळ्यांनी मिलो खाल्ला, सगळ्यांच्या पोरांनी सुकडीसाठी रांग धरली. पाण्याचा रांजण मात्र आमच्या हाताला वर्ज्य होता. ओंजळीत वरून पाणी पडायचे. एके दिवशी एक बाई आईला म्हणाली, "यंदा देवानं तुमची आमची एकच गत केली बघ." आई काही बोलली नाही. घरी येताना मला म्हणाली, "त्यांचा दुष्काळ पाऊस पडला की सरंल. आपल्याला कुठला पाऊस येनार?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्या बाया आपल्या शेतात गेल्या. आईही त्यांच्याच शेतात गेली, रोजाने. दारिद्र्यावरचे पुष्कळ ग्रंथ मी नंतर वाचले. आईच्या या दोन वाक्यांत आपत्ती आणि व्यवस्था यांतला जो भेद आहे, तो फार थोड्या ठिकाणी तितका स्वच्छ दिसला.

या भेदाकडे आपल्या चळवळीनेही नेहमी नीट पाहिले असे नाही. 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, कामगार आणि स्त्रियाही घेतल्या. पुढे पोटाची भूक खरी की जातीचा डंख खरा, यावर आपण एकमेकांशी भांडलो आणि 1974 मध्ये फुटलो. मला हा वाद चुकीच्या ठिकाणी उभा केलेला वाटतो. खडीवरच्या त्या बाईची भूक खोटी नव्हती. पण तिच्याजवळ परत जायला शेत होते आणि रांजणाला लावायला हात होता. आईजवळ दोन्ही नव्हते, आणि ते नसण्याचे कारण एकच होते. जात वगळून गरिबी मोजणारा आणि जमीन वगळून जात सांगणारा, दोघेही आईच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत.

शेवटी आपल्या लेखकांना एक सांगणे आहे, आणि ते मी स्वतःलाही वगळून सांगत नाही. 'दाहक' या शब्दाची चटक आता आपल्यालाही लागली आहे. उकिरडा, उष्टे, फाटके लुगडे यांची यादी केली की पान भरते, टाळी पडते. परंतु यादी म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष देणारा झालेला घाव दाखवतो आणि घाव घालणाऱ्याकडे बोटही दाखवतो. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला भुकेचे नाव दिले नाही, भूक निर्माण करणाऱ्या व्यवहाराचे नाव दिले. आपले लेखन आणि आपली समीक्षा यांनी हाच मार्ग धरला पाहिजे. हळहळणारे वाचक आपल्याला पुष्कळ मिळाले. आता हिशेब मागणारे वाचक घडवले पाहिजेत.